दुसऱ्याच्या सौद्यात

"अंगठा काढ."

राणेबाई माझ्याशी बोलल्या ते हे पहिले दोन शब्द.

दादरला एका मंगल कार्यालयाच्या वरच्या मजल्यावर एक लांबट खोली आहे. महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी तिथे जुन्या फाउंटन पेनांचे संग्राहक जमायचे. टेबलं मांडायची, पेनं दाखवायची, विकायची, बदलायची. मी तिथे नवखा होतो. हिरव्या पट्ट्यांचं एक जुनं पेन विकायला घेऊन गेलो होतो. त्याच्या टोपणाच्या काठाला केसाएवढी चीर होती. ती मला ठाऊक होती, म्हणूनच पेन दाखवताना माझा अंगठा बरोबर तिच्यावर होता. समोर एक बुटक्या बाई येऊन उभ्या राहिल्या. साठीच्या पुढच्या, खांद्याला कापडी पिशवी, उजव्या हाताच्या दोन बोटांवर निळी शाई.

"त्या चिरेवरचा अंगठा काढ," त्या म्हणाल्या. "नाहीतर पेन खिशात घाल आणि घरी जा."

आजूबाजूची माणसं वळून बघायला लागली. माझे कान तापले. मी म्हणालो, "विचारलं असतं तर सांगितलं असतं."

"विचारल्यावर चोरही सांगतो. पेन मुकं असतं. त्याचं दुखणं त्याच्या वतीनं तूच सांगायचं, आणि किमतीच्या आधी सांगायचं."

मी अंगठा काढला. बाईंनी खिशातून भिंग काढून चीर पाहिली आणि मागे उभ्या असलेल्या गृहस्थांना सांगितलं, "एवढी चीर सोडली तर चांगलं पेन आहे. घ्या." त्यांनी घेतलं. बाईंच्या रागाची आणि माझी ओळख झाली ती अशी. पुढची अकरा वर्षं मी तो राग जवळून पाहिला, आणि शेवटी तो माझ्याच वाट्याला आला.

राणेबाई मूळच्या मालवणकडच्या, पण जन्म परळचा. वडील गिरणीत साचे चालवायचे. चाळीत लिहिता येणारे थोडे होते, त्यांतले ते एक. आजूबाजूच्यांची गावाकडे जाणारी पत्रं तेच लिहायचे. बाई सांगायच्या, "बाबा पत्र लिहून झालं की मोठ्यानं वाचून दाखवायचे. माणसानं सांगितलेलं एक अक्षर गाळायचे नाहीत आणि पदरचं एक घालायचे नाहीत. सही म्हणून खाली दुसऱ्याचा अंगठा असायचा ना, म्हणून." बाई स्वतः महापालिकेच्या शाळेत चित्रकला शिकवायच्या. लग्न केलं नाही. निवृत्त झाल्यावर त्याच चाळीतल्या खोलीत एकट्या राहायच्या. पेनं जेमतेम चाळीस, पण सगळी लिहिती. न लिहिणाऱ्या पेनाला त्या 'मयत' म्हणायच्या.

आमच्या या संग्राहक मंडळाचे नियम बाईंनीच केले होते. जाड कागदावर, त्यांच्या त्या सुंदर, ठसठशीत अक्षरात लिहिलेले नियम खोलीच्या भिंतीवर फ्रेममध्ये टांगलेले असत. विचारल्याशिवाय दुसऱ्याच्या पेनाला हात लावू नये. दुसऱ्याच्या पेनात आपली शाई भरू नये. घासूनपुसून चकचकीत केलेल्या पेनाला 'जसंच्या तसं' म्हणू नये. एकाच्या हातात पेन असताना दुसऱ्यानं किंमत विचारू नये. आणि शेवटचा नियम, दुसऱ्याच्या सौद्यात तोंड घालू नये.

हे नियम त्या आधी स्वतःला लावायच्या. एकदा त्यांनी परळच्या एका डॉक्टरांना पेन दिलं. काही महिन्यांनी एक जुना कॅटलॉग चाळताना त्यांच्या लक्षात आलं, की त्या पेनाची निब मूळची नाही. डॉक्टरांना काहीच कळलं नव्हतं, कळणारही नव्हतं. बाई रुग्णालयात गेल्या. आत सोडेनात, म्हणून केसपेपर काढून रांगेत बसल्या. नंबर आल्यावर डॉक्टरांनी मान वर न करता विचारलं, "काय त्रास होतोय?"

"मला काही नाही," बाई म्हणाल्या. "तुमच्या पेनाला होतोय. चूक माझी आहे. योग्य निब घेऊन आल्येय."

हा किस्सा मंडळात सगळे हसत सांगायचे. मीही सांगितला आहे. आता मला त्या हसण्याचाच राग येतो. आम्ही बाईंना मिरवत होतो. त्यांच्या प्रामाणिकपणाच्या गोष्टी सांगितल्या की आपणही थोडे प्रामाणिक झालो, असं आम्हाला वाटायचं.

मंडळाचा कारभार जयंत सुखटणकर बघायचे. मोठा संग्रह, गोड बोलणं, सगळ्यांना स्वतःच्या हातानं चहा देणार. कुठलं पेन कुठल्या वर्षाचं, हे ते टोपणाच्या पकडीकडे बघून सांगत. मला त्यांनी खूप शिकवलं. हे मी त्यांच्या बाजूनं सांगत नाही, माझी जीभ का अडकली ते कळावं म्हणून सांगतो.

ते घडलं त्या रविवारी बाई नव्हत्या. त्यांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. साडेदहाच्या सुमारास एक पन्नाशीचे गृहस्थ बिचकत आत आले. त्यांनी नोंदवहीत नाव लिहिलं, हरेश्वर तांडेल, मच्छीमार नगर, कफ परेड. खाली फोन नंबर. मग रुमालातून एक पेन काढून टेबलावर ठेवलं.

काळंभोर, लाखेचं पेन. त्यावर सोन्याच्या भुकटीनं काढलेले दोन मासे. खवले एकेक मोजता येतील असे.

तांडेलांनी गोष्ट सांगितली. त्यांचा आजा होडीवर होता. एका परदेशी बोटीवरचा अधिकारी बंदराजवळ पाण्यात पडला, त्याला आज्यानं ओढून काढलं. त्या माणसानं खिशातलं पेन काढून आज्याच्या हातात दिलं. "आज्याला लिहिता येत नव्हतं," तांडेल म्हणाले. "होडीच्या कागदांबरोबर ट्रंकेत ठेवून दिलं. आता घराचं छप्पर बदलायला काढलं, तेव्हा हाताला लागलं. पडून राहण्यापेक्षा कुणीतरी लिहील, म्हणून आणलं. तुम्ही जाणकार. काय आहे हे?"

टेबलाभोवती आम्ही पाच जण होतो. पाचही जणांनी भिंगातून पेन पाहिलं. टोपणाखाली, माशाच्या शेपटीजवळ, कारागिराची बारीक सोनेरी सही होती. असं पेन आम्ही फक्त पुस्तकात पाहिलं होतं. मी सुखटणकरांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा क्षणभर अगदी स्थिर झाला, आणि मग ते हसले.

"छान आहे," ते म्हणाले. "शोभेचं आहे. चित्र मागाहून कुणीतरी रंगवलेलं दिसतंय. निबही बदललेली आहे. लिहिण्याच्या कामाचं म्हणाल तर नाही. पण आज्याची आठवण आहे, तुम्हाला रिकाम्या हातानं कसं पाठवू?" त्यांनी आपल्या पेटीतून दोन नवी कोरी, चकचकीत पेनं काढली. "मुलं आहेत ना घरी? ही न्या. उत्तम लिहितात."

तांडेलांच्या डोळ्यांत खरोखर आनंद दिसला. "मुलगी कॉलेजात आहे," ते म्हणाले. त्यांनी आज्याचं पेन टेबलावरच सोडलं, ही दोन्ही पेनं रुमालात गुंडाळली, आम्हा सगळ्यांना नमस्कार केला आणि ते जिना उतरून गेले. मला वाटतं, मिनिटभर तरी कुणी कुणाच्या तोंडाकडे पाहिलं नाही. मग एकजण म्हणाला, "नशीब लागतं, साहेब." आणि चहा आला.

चार दिवसांनी दुपारी मी बाईंकडे त्यांच्या डोळ्यांची चौकशी करायला गेलो. त्या काळा चष्मा लावून खाटेवर बसल्या होत्या. वाचायला मनाई होती, त्यामुळे वैतागलेल्या. करमणूक म्हणून मी मंडळातल्या बातम्या सांगायला लागलो आणि त्या भरात ही गोष्टही सांगितली. हसत सांगितली, सुखटणकरांच्या आवाजाची नक्कल करून.

बाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग विचारलं, "निब बदललेली होती?"

"नाही."

"चित्र मागाहून रंगवलेलं होतं?"

"नाही हो, सही होती ना. मी स्वतः पाहिली."

"म्हणजे तू तिथे होतास."

आता कुठे मला आपण काय सांगून बसलो ते कळलं. बाई संतापल्या की त्यांची शाळेतली भाषा सुटायची आणि आईची भाषा वर यायची. "मेल्या," त्या म्हणाल्या, "तुका तोंड नाय होतां?"

मी चिडलो. चूक उघडी पडलेला माणूस चिडतो तसा. म्हणालो, "बाई, नियम तुमचाच आहे. दुसऱ्याच्या सौद्यात तोंड घालायचं नाही. भिंतीवर लिहून ठेवलाय तुम्ही."

बाहेर गॅलरीत कुणीतरी कपडे झटकत होतं, त्याचा आवाज येत राहिला. मला वाटलं, मी जिंकलो.

"तो नियम मी दोन जाणत्या माणसांच्या सौद्यासाठी केला," बाई सावकाश म्हणाल्या. "मधे तिसऱ्यानं नाक खुपसून कुणाची घासाघीस बिघडवू नये म्हणून. हा सौदा नव्हता विनायक. एक माणूस विश्वासानं विचारायला आला, हे काय आहे म्हणून. त्याला पाच जणांनी मिळून फसवलं. एकानं बोलून आणि चौघांनी न बोलून." मग त्या उठल्या आणि भिंतीला हात लावत दारापर्यंत गेल्या. "नोंदवहीत पत्ता आहे ना त्याचा? चप्पल घाल."

"आत्ता? डॉक्टरांनी तुम्हाला बाहेर पडायला—"

"डोळा माझा आहे. चप्पल घाल."

आम्ही टॅक्सीनं कफ परेडला गेलो. वाटेत मी नोंदवही सांभाळणाऱ्या सभासदाला फोन करून तांडेलांचा पत्ता आणि नंबर मिळवला. मच्छीमार नगरात शिरलो तेव्हा उन्हात मासळी वाळत होती. तांडेल रजेवर होते, छपराचं काम चाललं होतं. त्यांनी आम्हाला ओळखलं, म्हणजे मला ओळखलं, आणि आनंदानं खुर्च्या मांडल्या. त्यांची बायको पाणी घेऊन आली.

बाई बसल्या नाहीत. उभ्या राहूनच त्यांनी सगळं सांगितलं. पेन अस्सल आहे, निब मूळची आहे, चित्र एका मोठ्या कारागिराचं आहे, अशी पेनं फार थोडी उरली आहेत आणि तुम्हाला जे सांगितलं ते खोटं होतं. "आमच्या मंडळात हे झालं," त्या म्हणाल्या. "मी नव्हते, पण मंडळ माझं आहे."

तांडेलांनी बाईंकडे पाहिलंच नाही. ते माझ्याकडे बघत होते.

"तुम्ही त्या टेबलापाशीच बसला होता ना?"

"हो."

"माझ्या उजव्या हाताला. तुम्ही भिंगातून पण बघितलं."

"हो."

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं."

तिथेही मला शब्द सुचला नाही.

तांडेल ओरडले असते तर बरं झालं असतं. ते आपल्या बायकोकडे वळून म्हणाले, "मी त्यांना नमस्कार करून आलो गं. पाचही जणांना." एवढंच. ती आत गेली आणि ती दोन चकचकीत पेनं घेऊन बाहेर आली. एक वापरलेलं होतं. तिनं ते नळाखाली धुतलं, पदरानं पुसलं आणि दोन्ही माझ्या हातात दिली. बाईंनी पिशवीतून आपलं एक पेन काढलं. त्यांच्या चाळीसांतलं सगळ्यात चांगलं, काळं, सोनेरी कडीचं. ते त्यांनी पुढे केलं.

"मला तुमचं पेन नको," तांडेल म्हणाले. "माझ्या आज्याचं पाहिजे."

"बरोबर आहे तुमचं," बाई म्हणाल्या आणि पेन परत पिशवीत ठेवलं. "ते आणायचा प्रयत्न करते. वचन देत नाही, कारण पाळता येईल की नाही ठाऊक नाही."

सुखटणकरांनी फोन उचलला नाही. मग पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी बाई दादरला गेल्या. खोलीत तीसेक माणसं होती. सुखटणकर "या बाई, या, डोळा कसा आहे?" करत उठले. बाईंनी ती दोन पेनं त्यांच्यासमोर ठेवली.

"ही तुमची. तांडेलांचं परत द्या."

सुखटणकरांनी खुर्ची सरकवली. "बाई, त्यांनी राजीखुशीनं दिलं. आपल्याला ज्ञान आहे, त्यांना नाही. ज्ञान हीच आपली कमाई ना? ही काय माझी चूक झाली?"

"त्यांना माहीत नव्हतं ही त्यांचीही चूक नाही. 'निब बदललेली आहे' हे वाक्य कुणाचं?"

"ते माझं मत होतं त्या वेळचं."

"शुद्ध खोटं होतं. त्याला मत म्हणू नका, मत या शब्दाला तरी शिल्लक ठेवा. पेन कुठे आहे?"

"गेलं. परदेशातल्या एका संग्राहकाकडे. मागच्याच आठवड्यात."

बाईंचा चेहरा लाल झाला होता आणि ऑपरेशन झालेल्या डोळ्यातून पाणी वाहत होतं. त्या खोलीकडे वळल्या. "त्या टेबलापाशी कोण कोण होतं? हात वर करा." दुसऱ्या कुणीही हात वर केला नाही. मी केला, तोही खांद्यापर्यंतच. मागून कुणीतरी म्हणालं, "जाऊ द्या ना बाई, चहा घ्या. आपण सगळे एका घरातले." त्यावर बाई ज्या आवाजात बोलल्या तो मी कधी विसरणार नाही. "एका घरातले म्हणून दुसऱ्याचं घर लुटायचं?"

मग त्यांनी एक खुर्ची ओढली, तिच्यावर चढल्या आणि भिंतीवरची नियमांची फ्रेम काढली. मी आधार द्यायला हात पुढे केला, तो त्यांनी झटकला. "हे अक्षर माझं आहे," त्या म्हणाल्या. "याच्याखाली बसून हे धंदे करायचे नाहीत." फ्रेम काखेत मारून त्या निघाल्या. दारात त्यांनी मला सांगितलं, "तुम्ही येऊ नका. मी जाईन."

तुम्ही. अकरा वर्षं त्या मला अरे-तुरे करत होत्या. त्या दिवसापासून शेवटपर्यंत मी 'तुम्ही' राहिलो. शिव्या दिल्या असत्या तर मी त्या आनंदानं खाल्ल्या असत्या.

बाई पुन्हा मंडळात गेल्या नाहीत. परळच्या एका वाचनालयात त्यांनी रविवारी सकाळी कोपऱ्यातलं टेबल मागून घेतलं आणि दारावर पाटी लावली. 'जुनं पेन विकण्याआधी दाखवून जा. मी विकत घेत नाही.' लोक येऊ लागले. कुणाच्या वडिलांचं, कुणाच्या सासऱ्याचं. बाई भिंग आधी समोरच्याच्या हातात द्यायच्या. "माझ्यावर विश्वास ठेवू नका," त्या सांगायच्या. "कुठे बघायचं ते मी सांगते, बघा तुम्ही." मी दर रविवारी जाऊन बाजूच्या बाकावर बसायचो. त्यांनी कधी बस म्हटलं नाही आणि ऊठही म्हटलं नाही.

एकदा तांडेल आले. शेजाऱ्याचं पेन घेऊन आले होते. बाईंनी पाहिलं आणि सांगितलं, "याची निब मात्र खरोखरच बदललेली आहे." तांडेल तिरकस हसले. "हे वाक्य मी पूर्वी ऐकलंय." बाईंनी भिंग पुढे केलं. तांडेल बराच वेळ बघत राहिले, निबेवरचं नाव आणि टोपणावरचं नाव ताडून पाहिलं. मग म्हणाले, "हो, वेगळं आहे." जाताना ते बाईंना नमस्कार न करता गेले. बाईंना त्याचं वाईट वाटलं नाही. "आता ते नमस्कार मोजूनमापून करतील," त्या म्हणाल्या. "तेवढं नुकसान आपण केलंय त्यांचं."

मी बाईंची माफी मागितली होती. एकदा नव्हे, तीनदा. तिसऱ्यांदा त्या म्हणाल्या, "माझं काय नुकसान केलंत तुम्ही? चुकीच्या दारात उभे आहात." मच्छीमार नगरला मी एकटा गेलो, तेव्हा तांडेलांनी दार उघडलं, ऐकून घेतलं आणि "ठीक आहे" म्हणून लावून घेतलं. त्यांना तसं करायचा पूर्ण अधिकार होता.

गेल्या वर्षी बाईंना परळच्याच रुग्णालयात ठेवलं होतं. हृदय थकलं होतं. मी आणि त्यांची भाची आळीपाळीनं थांबायचो. एका सकाळी त्या मला म्हणाल्या, "माझी पेनं विकाल तेव्हा भाचीला विचारा, सगळ्यांची दुखणी तिला सांगितली आहेत. तुम्ही गोड करून सांगू नका." दोन दिवसांनी त्या गेल्या.

मंडळानं शोकसभा ठेवली, दादरच्या त्याच खोलीत. टेबलावर बाईंचा फोटो, हार, उदबत्ती. सुखटणकर पांढऱ्या सदऱ्यात आले आणि बोलायला उभे राहिले. बाईंनी आम्हाला शिस्त लावली, म्हणाले. व्यवहारातला सच्चेपणा शिकवला, म्हणाले. डॉक्टरांच्या पेनाचा किस्सा त्यांनी फार रंगवून सांगितला आणि लोक डोळे पुसत हसले. मग त्यांचा आवाज दाटून आला. "बाईंचा आणि माझा एक छोटासा गैरसमज झाला होता," ते म्हणाले, "पण मोठी माणसं मनात काही ठेवत नाहीत."

मी उठलो. त्यांचं बोलणं मधेच तोडलं. म्हणालो, "गैरसमज नव्हता. तुम्ही हरेश्वर तांडेल नावाच्या माणसाला याच खोलीत फसवलंत. मी शेजारी बसून बघत होतो. बाईंनी ते शेवटपर्यंत मनात ठेवलं होतं, आणि ठेवायलाच हवं होतं." आणि मी सगळं सांगितलं, पहिल्यापासून. मासे, सही, निब, दोन चकचकीत पेनं. कुणीतरी माझी बाही ओढली, "अहो, ही वेळ आहे का?" मी बाही सोडवून घेतली आणि बोलत राहिलो. सुखटणकर हात जोडून, डोळे मिटून उभे होते, जणू ते मला क्षमा करत होते. मी खाली बसलो. त्यांनी डोळे उघडले आणि म्हणाले, "दोन मिनिटं शांत उभे राहू या."

सभा संपल्यावर मी जिन्यापाशी आलो तेव्हा मागून कुणीतरी हाक मारली. मंडळातले एक जुने सभासद होते, वयानं माझ्याहून मोठे. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि माझ्या हातावर हात ठेवला.

"बरं केलंत बोललात," ते हळूच म्हणाले. "त्या दिवशी मीही होतो त्या टेबलापाशी. अजून खटकतं हो."

"मग आत चला," मी म्हणालो. "सगळे अजून आहेत. एवढंच सांगा, की मीही होतो."

त्यांनी आत पाहिलं. तिथे सुखटणकर स्वतःच्या हातानं सगळ्यांना चहा देत होते. माझ्यासमोरच्या गृहस्थांनी घड्याळ पाहिलं. म्हणाले, "आज जरा घाई आहे," आणि कठडा धरून जिना उतरायला लागले.